पद्मिनीच्या पुढच्या आर्मचे बुश दर चार महिन्यांनी का जातात

घरी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच आहे: १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगजवळचा गिअरदांडा, सगळं मूळचं. इंजिनाने कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो पुढच्या सस्पेन्शनने, आणि तोही एकाच प्रकारचा. पुढून खडखड सुरू होते, मेकॅनिककडे नेली की तो म्हणतो बुश गेले (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी दांडी म्हणजे आर्म, आणि तिच्या जोडातलं रबर म्हणजे बुश), बुश बदलले की तीन-चार महिने शांतता, मग पुन्हा खडखड. दीड वर्षात हा फेरा तीनदा झाला.

तिसऱ्या वेळी गाडी सोडून घरी आलो नाही. दोन दिवस गॅरेजमध्येच थांबलो, प्रत्येक नट कधी आणि कसा आवळला जातो ते बघितलं, आणि कारण सापडलं. आधी तेच सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना शेवटपर्यंत वाचावं लागणार नाही: आर्मचे नट गाडी जॅकवर, चाकं लटकलेली असताना आवळले जात होते. ते गाडी चाकांवर उभी असताना, तिचं सगळं वजन स्प्रिंगवर असताना आवळायचे असतात.

आवाज कुठून येतोय ते आधी नक्की करा

नागपुरात सिमेंट रस्ते झाल्यापासून पुढच्या सस्पेन्शनचा दोष लपत नाही. डांबरी रस्त्यावर आवाज गोंधळात मिसळून जातो. सिमेंटच्या दोन पट्ट्यांच्या जोडावरून वीस-पंचवीसच्या वेगाने गेलं की प्रत्येक जोडाला वेगळी टक् ऐकू येते. माझ्या गाडीत ही टक् डाव्या बाजूने यायची. शिवाय सिमेंटच्या कडेवरून खालच्या गट्टूवर चाक उतरलं की एक जड धप् व्हायचं, ब्रेक मारला की पुन्हा तसंच एकदा, आणि गाडी किंचित डावीकडे ओढायची. ब्रेक दाबताना एकदा आणि सोडताना एकदा असा आवाज आला तर आर्म पुढे-मागे सरकतोय असं समजा. तो बुशचाच आवाज असण्याची शक्यता मोठी.

तरी लगेच बुश मागवू नका. या गाडीला पुढे किंगपिन आहे, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती, आणि किंगपिनचा खेळ व बुशचा खेळ आवाजावरून वेगळा काढता येत नाही. खालच्या आर्मखाली, चाकाच्या जवळ जॅक लावून चाक जमिनीपासून थोडं उचला. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन किंवा आर्म. मग दुसऱ्याने चाक हलवत राहायचं आणि तुम्ही टॉर्च घेऊन खाली बघायचं, की नेमकं काय हलतंय. चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यांची चाकाकडची टोकं बघा. स्टॅबिलायझर बारचे रबरही तपासा. ते स्वस्त असतात आणि अगदी असाच आवाज करतात.

शेवटी पहार. आर्म आणि क्रॉसमेंबर (आर्म ज्याला जोडलेला असतो तो आडवा भाग) यांच्यामध्ये पहारीचं टोक घालून हलकेच दाबा. चांगला बुश थोडा दबतो आणि पहार सोडली की आर्म जागेवर येतो. गेलेल्या बुशमध्ये आर्म खट्कन सरकतो आणि तिथेच राहतो. माझ्याकडे डावीकडचा खालचा आर्म दोन-तीन मिलिमीटर सरकत होता, नवा बुश टाकून चार महिनेही झाले नव्हते.

मेकॅनिकदादा म्हणाले, "भाऊ, आपल्याकडचे रस्तेच असे आहेत. बुश कसे टिकतीन?" हे मला पहिल्या दोन वेळा पटलं होतं. पण बाबांच्या काळात वाडीच्या पुढे अमरावती रोडवर याहून मोठे खड्डे होते, आणि त्यांच्या जुन्या वहीत पुढच्या बुशचा खर्च सात वर्षांत एकदाच लिहिलेला आहे.

निघालेला बुश टाकू नका, धुऊन बघा

सगळ्यात जास्त मी यातूनच शिकलो. मेकॅनिक जुने बुश काढून भंगारात फेकतात. मी दुसऱ्या फेऱ्याचे चारही बुश मागून घेतले, साबणाने धुतले आणि उन्हात ओळीने मांडले.

या बुशची रचना साधी आहे. बाहेर लोखंडी नळी, ती आर्मच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, दाबून बसवलेली. आत दुसरी बारीक नळी, ती आर्म ज्या पिनेवर जोडलेला असतो त्या पिनेवर बसते आणि नट आवळला की पिनेला घट्ट धरली जाते. दोन्हींच्या मध्ये रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही. बाहेरची नळी आर्मबरोबर फिरते, आतली पिनेबरोबर स्थिर राहते, आणि मधलं रबर पिळलं जातं. चाक मूळ जागी आलं की पीळ सुटतो. म्हणून तर याला सायलेंट बुश म्हणतात, आणि म्हणूनच याला ग्रीसचा निपल नसतो.

आता यात नट कधी आवळला याला एवढं महत्त्व का, ते बघा. नट आवळला त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल, तो कोन रबरासाठी शून्य ठरतो. गाडी जॅकवर आहे, चाक पूर्ण खाली लटकलंय, अशा वेळी नट आवळला तर लटकलेली अवस्था म्हणजे शून्य. गाडी खाली घेतली की आर्म वर येतो आणि रबराला पीळ बसतो, नुसती उभी असतानाही. माझ्या गाडीत हा पीळ मी मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला, साधारण २० अंश भरला. रात्रभर गॅरेजमध्ये उभी असली तरी रबर २० अंश पिळलेलं. त्यावर चाक खड्ड्यात आपटलं की आणखी १५. एकूण ३५. तेच नट गाडी उभी असताना आवळले असते तर उभ्या गाडीत पीळ शून्य, खड्ड्यात १५ एका दिशेला, चाक लटकलं तर २० दुसऱ्या दिशेला. रबराला हे सहज झेपतं, ते त्यासाठीच असतं. एकाच दिशेला कायम ओढलेलं रबर मात्र एक दिवस नळीपासून सुटतं.

धुतलेल्या बुशवर हे अक्षरशः लिहिलेलं होतं. डाव्या बाजूच्या बुशचं रबर आतल्या नळीच्या कडेने चंद्रकोरीसारखं फाटलेलं, आणि सगळ्या फाटी एकाच दिशेने तिरप्या. रबर वाळलेलं नव्हतं, नखाने दाबलं तर नवं वाटत होतं. खड्ड्याच्या माराने रबर गेलं असतं तर ते खालच्या किंवा वरच्या बाजूला चपटं होऊन चिरलं असतं. ही तिरकी, एका दिशेची फाट पिळाची आहे.

उजव्या बाजूचे बुश वेगळंच सांगत होते. ते फाटले नव्हते, फुगले होते. रबर नळीबाहेर ओठासारखं आलेलं, बोटाला काळं चिकट लागणारं. वर बघितलं तर स्टेअरिंग बॉक्समधून तेल पाझरत होतं आणि थेंब थेट आर्मवर पडत होता. तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. म्हणजे एकाच गाडीत, एकाच वेळी बदललेले बुश दोन वेगळ्या कारणांनी गेले होते, आणि दोन्हींचा दोष रस्त्यावर गेला होता. उजवीकडे स्टेअरिंग बॉक्सचं ऑइल सील बदलल्याशिवाय नवा बुश टाकण्यात अर्थ नव्हता. तुमच्याकडेही आधी वर बघा: स्टेअरिंग बॉक्स, इंजिनच्या पुढचं सील. आणि आवाज बंद व्हावा म्हणून बुशवर जुनं इंजिन ऑइल सोडायची पद्धत कोणी सांगितली तर ती करू नका. दोन दिवस चूं-चूं थांबते आणि दोन महिन्यांत बुश संपतो.

नवा बुश घेताना

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या. त्या धावत होत्या तोवर या गाडीचा माल सतत बनत आणि खपत होता. आता दुकानात जो मिळतो त्यातला बराचसा वर्षानुवर्षं फडताळात पडलेला असतो, आणि पत्र्याच्या छताखाली नागपूरचा उन्हाळा काढलेलं रबर डबा न उघडताही म्हातारं होतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना त्या फडताळावर काय होत असेल त्याचा विचार करा. जुना शिल्लक माल म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर डब्यावरचं नाव बघून भुलू नका, रबर बघा. अंगठ्याच्या नखाने दाबा: खूण पडून भरून आली पाहिजे. दोन बोटांत धरून थोडं वाकवा: केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर परत द्या.

दुसरी गोष्ट, आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा लांब आहे ना ते बघा. दोन्ही बाजूंनी ती थोडी बाहेर आली पाहिजे, कारण नटाचा दाब त्या नळीवरच बसायचा असतो. ती आखूड असेल तर नट आणि वायसर थेट रबरावर किंवा आर्मवर दाबतात, नळी पिनेवर मोकळी फिरते, आणि मग बुश कितीही चांगला असो, आतून झिजतो. मी घेतलेल्या दुसऱ्या सेटमध्ये एक बुश असा आखूड होता. जुन्या बुशशेजारी ठेवून बघितला असता तर दुकानातच कळलं असतं. व्हर्निअर नसला तरी चालेल, जुना बुश खिशात घेऊन जा.

लेथवर नायलॉनचे बुश करून घ्या असं बरेच जण सुचवतात. माझं मत स्पष्ट आहे, आर्मला नायलॉन नको. ते दबत नाही, त्यामुळे सगळा मार क्रॉसमेंबरवर आणि पिनेवर जातो, आणि या गाड्यांचा पत्रा आता चाळिशीकडे आलाय. पॉलीयुरेथेनचे बुश चांगले असतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. ते रबरासारखे पिळले जात नाहीत, आतल्या नळीवर फिरतात, त्यांना त्यांचं खास सिलिकॉन ग्रीस लागतं. त्यांना नट आवळण्याच्या कोनाचा एवढा फरक पडत नाही. पण सिमेंटचा प्रत्येक जोड स्टेअरिंगपर्यंत पोचतो. मी रबरावरच राहिलो, कारण ही गाडी घरातल्यांना घेऊन रामटेकला जायची आहे.

काढताना

एक गोष्ट सगळ्यांआधी, आणि ती मी कळकळीने सांगतोय. या गाडीत कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर दाबून बसलेली असते. आर्मचे नट सरळ सोडले तर ती स्प्रिंग सुटते आणि समोर जे असेल त्यावर आदळते, मग तो हात असो की चेहरा. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय आर्म सोडू नका. गाडीला चेसिसखाली दोन मजबूत घोड्या, म्हणजे टेकूचे लोखंडी स्टँड, लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, विटांवर तर कधीच नको. कॉम्प्रेसर नसेल तर हे काम घरी करू नका, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या.

सुरुवात करण्याआधी गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचं. हे माप पुढे लागणार आहे. नटांवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. आर्मची पिन चेसिसपासून सुटताना तिच्यामागे पातळ पत्र्या निघाल्या तर त्या जशा निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा, पुढच्या वेगळ्या, मागच्या वेगळ्या. चाकाचा कल त्यांच्यावर ठरतो. माझ्या पहिल्या फेऱ्यात त्या सगळ्या एका डब्यात गेल्या होत्या आणि नंतर टायर आतल्या कडेने खाल्ला गेला.

जुना बुश काढताना आर्मच्या कानावर, म्हणजे डोळ्याभोवतीच्या कडेवर, हातोडा नको. गॅसच्या ज्योतीने रबर जाळायची पद्धत आहे, तीही नको. धूर घातक असतो आणि आर्मचा पत्रा तापून वाकतो. हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी जे केलं ते सोपं होतं. बुशपेक्षा थोड्या मोठ्या आतल्या व्यासाचा पाइपचा तुकडा आर्मच्या एका बाजूला, बुशच्या बाहेरच्या नळीएवढ्या व्यासाचा जाड वायसर दुसऱ्या बाजूला, मधून लांब मजबूत बोल्ट, आणि पान्याने नट आवळत जायचं. बुश पाइपमध्ये सरकत येतो. अगदीच अडकला तर आतून हॅकसॉच्या पात्याने बाहेरच्या नळीला एक चीर द्यायची, आर्मला न लागता. नवा बुशही त्याच बोल्टने आत ओढायचा. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेला बुश जरा सहज जातो. लावायचंच असेल तर साबणाचं पाणी लावा.

नवा बुश हातानेच आत गेला तर थांबा. आर्मचा डोळा मोठा झालाय. त्यात डब्याचा पत्रा गुंडाळून बुश ठोकायचा किंवा वेल्डिंगचे दोन ठिपके मारायचे, असे उपाय मी बघितले आहेत आणि ते टिकत नाहीत; वेल्डिंगने तर रबर आतून भाजतं. दुसरा आर्म शोधा किंवा लेथवर नीट बाही बसवून घ्या.

आवळताना

सगळं परत बसवलं, स्प्रिंग जागेवर आली, की नट फक्त हाताने आणि मग वायसर टेकेपर्यंत पान्याने घ्या. जोर नको. इथे मेकॅनिकदादांनी पाना उचलला आणि मी त्यांना थांबवलं. ते म्हणाले, "आत्ता गाडी वर आहे त हात पोचून राहिला. खाली घेतल्यावर पाना लागन कसा?" त्यांची अडचण खरी होती. त्यांच्या जागेत पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहायचा खड्डा, नाही, आणि चाकावर उभ्या पद्मिनीखाली शिरायला जागा नसते. पहिल्या दोन वेळी नेमकं हेच घडलं होतं. त्यात त्यांचा आळस नव्हता, हात पोचायचा प्रश्न होता.

यावर दोन मार्ग आहेत. पिट असलेलं गॅरेज असेल तर गाडी खाली घ्या, पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकला म्हणजे चाकं मोकळी होऊन आपल्या जागी बसतात, बोनेटवर दोन-तीनदा वजन देऊन सोडा, पुढच्या सीटवर दोन माणसं बसवा आणि मग खालून नट आवळा. पिट नसेल तर दोन्ही बाजूंच्या खालच्या आर्मखाली, चाकाला लागून एकेक जॅक घ्या आणि सारखेच उचलत जा. चेसिस घोडीवरून जेमतेम सुटायला लागली की थांबा. आता वजन स्प्रिंगवर आलंय. टेप लावा: सुरुवातीला लिहिलेलं अंतर आलं पाहिजे. आलं की नट आवळा, सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराच्या मापाने), आणि स्प्लिट पिन नव्या टाका. आम्ही दुसरा मार्ग घेतला. काम पाऊण तासाने वाढलं, एवढंच.

वरच्या आर्मलाही हाच नियम. शॉकअपच्या खालच्या डोळ्यातल्या रबरालाही.

मग मी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली: आतल्या नळीच्या टोकापासून रबरावरून आर्मच्या कानापर्यंत, सरळ. गाडी चाकांवर असताना ओढायची. ही रेघ पुढे सगळं सांगते. सपाट जागेवर उभ्या गाडीत रेघ सरळ दिसली तर बुश ठीक. नळी आणि रबर यांच्या सीमेवर ती तुटून सरकलेली दिसली तर रबर सुटलं किंवा नट ढिला झाला. मेकॅनिकदादांनी शंका म्हणून शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पद्मिनीवर, जिचे नट त्यांनी आदल्याच दिवशी हवेत आवळले होते, अशीच रेघ जॅकवर असताना ओढली आणि गाडी खाली घेतली. रेघ आमच्या डोळ्यांसमोर तिरकी झाली. ते थोडा वेळ तसेच बसून बघत राहिले, मग त्या गाडीचेही नट सोडून पुन्हा आवळले.

त्यानंतर अलाइनमेंट. कम्प्युटरवाल्या सेंटरमध्ये जुन्या गाडीचं नाव यादीत नसेल तर ते जवळच्या नावावर चालवून देतात, तसं करू देऊ नका. पुस्तकातली मापं कागदावर लिहून न्या. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा, आणि तेव्हाही गाडी चाकांवरच.

या गोष्टीला आता एक उन्हाळा आणि दोन पावसाळे झाले. दर महिन्याला टॉर्च घेऊन डावा आणि उजवा बघतो. चारही रेघा सरळ आहेत, उजवीकडचं रबर कोरडं आहे, आणि प्रतापनगरातून फुटाळ्यापर्यंत सिमेंटच्या जोडांवर नुसता टायरचा आवाज येतो. मागच्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकलचे, म्हणजे टोकाच्या हलत्या जोडाचे, बुश आता बदलायला झालेत. ते रबरी आहेत, तेव्हा त्यांचेही नट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले जातील.